न उलटलेली फिल्म : डावखुरा गेरिग आणि उजवा कूपर

१९४२च्या सुरुवातीला हॉलिवूडमधल्या एका चित्रपटापुढे साधी दिसणारी, पण सुटायला अवघड अशी अडचण उभी होती. ज्या खेळाडूवर चित्रपट काढायचा होता तो पक्का डावखुरा होता आणि त्याची भूमिका करणारा नट पक्का उजवा. खेळ होता बेसबॉल, म्हणजे कोण कोणत्या हाताचा हे एका नजरेत दिसणारा खेळ. शिवाय या खेळाडूला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची उभं राहण्याची ढब, खांद्यांची ठेवण, बॅट फिरवण्याची लय लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर अजून ताजी होती.

तो खेळाडू म्हणजे न्यूयॉर्क यँकीज संघाचा लू गेरिग, आणि नट म्हणजे गॅरी कूपर. चित्रपट ‘द प्राइड ऑफ द यँकीज’. निर्माता सॅम्युएल गोल्डविन, दिग्दर्शक सॅम वुड.

ही अडचण कशी सोडवली याची एक गोष्ट सत्तर वर्षं सांगितली गेली. गोष्ट इतकी सुबक आहे की ऐकताक्षणी पटते. कूपरने सगळं उजव्या हाताने केलं, त्याच्या अंगावर उलट्या अक्षरांचा शर्ट घातला, चेंडू मारल्यावर त्याला पहिल्या बेसऐवजी (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) तिसऱ्या बेसकडे पळवलं आणि मग फिल्म आरशासारखी उलटवून छापली. पडद्यावर डावखुरा गेरिग अवतरला.

हे खरं होतं का, नसेल तर पडद्यावर नेमकं काय घडलं, आणि या गोष्टीच्या नादात आपल्या नजरेतून काय निसटलं, ते इथे तपासायचं आहे.

आधी माणूस

गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, जर्मनीतून आलेल्या गरीब कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्याचा खेळ यँकीजच्या नजरेत भरला आणि १९२३मध्ये त्याने संघाशी करार केला. १ जून १९२५ला तो बदली फलंदाज म्हणून मैदानात उतरला. दुसऱ्या दिवशी वॉली पिपच्या जागी पहिल्या बेसवर उभा राहिला, आणि त्यानंतर चौदा हंगाम त्याने एकही सामना चुकवला नाही. बोटं मोडली, पाठ धरली, डोक्याला चेंडू लागला, तरी दुसऱ्या दिवशी हा हजर. ३० एप्रिल १९३९पर्यंत सलग २,१३० सामने झाले. हा विक्रम मोडायला १९९५ साल आणि कॅल रिपकेन ज्युनियर यावा लागला.

आपल्याकडे एखाद्याचं कौतुक करताना ‘कधी खाडा नाही’ म्हणतात. गेरिगचं मोठेपण या दोन शब्दांत बसतं. ४९३ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) आणि .३४०ची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी आहेच, पण लोकांना तो आवडायचा तो रोज कामावर येणारा माणूस म्हणून. त्याच संघात सगळ्यांत गाजलेला बेब रूथ होता. त्याच्याभोवती सतत गर्दी, गोंगाट, सिगारचा धूर आणि किस्से. गेरिग बाजूला शांत उभा असायचा. यँकीजनी १९२९मध्ये शर्टावर क्रमांक घातले ते फलंदाजीच्या क्रमानुसार, त्यामुळे रूथला ३ मिळाला आणि त्याच्या मागून येणाऱ्या गेरिगला ४.

१९३८च्या हंगामात त्याचं शरीर साथ सोडू लागलं. २ मे १९३९ला डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतःच व्यवस्थापकाला सांगितलं की आज मला वगळा. मेयो क्लिनिकने निदान केलं ते नेमकं त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी: स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जाणारा एएलएस. अमेरिकेत आजही या रोगाला लू गेरिगचा आजार म्हणतात. ४ जुलै १९३९ला यँकी स्टेडियमवर ६१,८०८ लोकांसमोर त्याचा निरोप समारंभ झाला. २ जून १९४१ला तो गेला, वयाच्या अडतिसाव्या वाढदिवसाला सतरा दिवस राहिले असताना.

गोल्डविनला बेसबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. बेसबॉल पाहायचा तर लोक मैदानावर जातील, त्यासाठी तिकीट काढून थिएटरात कोण येईल, असं त्याचं मत असल्याचं सांगितलं जातं. त्याच्याकडे कथाविभाग पाहणाऱ्या नायव्हन बुशने त्याला निरोप समारंभाची बातमीपट्टी दाखवली आणि दिवे लागले तेव्हा गोल्डविनच्या डोळ्यांत पाणी होतं, असा किस्सा आहे. किस्सा थोडा घासूनपुसून आला असेल, पण पडद्यावरच्या चित्रपटाशी तो जुळतो. या चित्रपटात सामने थोडे आहेत. आई आहे, बायको आहे, आगगाडीतले मित्र आहेत, आणि शेवटी मैदानाच्या मधोमध माइकसमोर उभा असलेला एकटा माणूस आहे.

अडचण नेमकी किती मोठी?

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला वाटेल, डावखुरा काय नि उजवा काय, एवढं काय बिघडतं? बेसबॉलमध्ये खूप बिघडतं. मैदान एका टोकावर उभ्या केलेल्या चौकोनासारखं असतं. फलंदाज खालच्या टोकाला उभा राहतो. चेंडू मारला की त्याने नेहमी आपल्या उजव्या अंगाला असलेल्या पहिल्या बेसकडेच पळायचं. मग दुसरा, तिसरा आणि पुन्हा घर. पळण्याची दिशा ठरलेली, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. त्यामुळे क्षेत्ररक्षणातल्या काही जागा डावखुऱ्यांना जवळजवळ बंदच असतात. कॅचर (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला), दुसरा आणि तिसरा बेस या जागी मोठ्या स्पर्धांत उजव्या हाताने फेकणारेच दिसतात. डावखुऱ्याला पहिला बेस मात्र सोयीचा, कारण त्याचा चेंडू झेलायचा हातमोजा उजव्या हातात असतो आणि मैदानाकडे तोंड करून फेकायला त्याला वळावं लागत नाही. गेरिग पहिल्या बेसवर होता हा योगायोग नव्हे.

आता फिल्म उलटवायची म्हणजे काय काय करावं लागेल ते पाहू. कूपर उजव्या हाताने मारणार आणि तिसऱ्या बेसकडे पळणार. छातीवरची अक्षरं आणि पाठीवरचा ४ उलटे शिवावे लागणार. हा इतका भाग दंतकथेतही आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. कूपरच्या मागे बसलेल्या कॅचरचा मोजा डाव्या हातात असतो. फिल्म उलटली की तो उजव्या हातात दिसेल, म्हणजे बघणाऱ्याला आयुष्यात न दिसलेला डावखुरा कॅचर दिसेल. म्हणून त्या कॅचरलाही उलटं खेळायला शिकवायचं. चौकटीत तिसऱ्या बेसचा खेळाडू असेल तर त्यालाही, आणि शॉर्टस्टॉपलाही. शर्टाची बटणपट्टी पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर अशी असते, ती उलटेल. मैदानाच्या भिंतीवरची प्रत्येक जाहिरात, प्रत्येक फलक उलटा रंगवावा लागेल. खेळाचं बरंचसं चित्रण लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर झालं. ते खरं मैदान होतं, खरी प्रेक्षकसज्जे असलेलं. ते उभं उलटवता येत नाही.

थोडक्यात, एका माणसाला डावखुरा करायचा तर आजूबाजूचं सगळं जग डावखुरं करावं लागतं. एखाद्या छोट्या, मोकळ्या, जवळून घेतलेल्या चौकटीत हे जमेल. अख्ख्या चित्रपटात जमवायचं तर एखाद्या नटाला सहा आठवडे बॅट धरायला शिकवणं कितीतरी स्वस्त पडेल.

आणि मग खरे खेळाडू

दंतकथेचा खरा अडसर इथे आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. या चित्रपटात बेब रूथ स्वतः आहे. त्याच्याबरोबर १९२७च्या गाजलेल्या संघातले बॉब म्यूसल आणि मार्क केनिग आहेत, आणि गेरिगचा जिवलग मित्र, प्रवासातला खोलीसोबती बिल डिकी आहे. चौघेही स्वतःच्याच नावाने. क्रीडा निवेदक बिल स्टर्नही स्वतःच्याच भूमिकेत.

रूथ हा तोवरच्या अमेरिकेतला सगळ्यांत ओळखीचा डावखुरा. त्याची ती बॅट फिरवून लहान लहान पावलांनी बेसकडे धावण्याची चाल शाळकरी पोरंही करून दाखवायची. कूपरला डावखुरा करायला फिल्म उलटवली असती तर त्याच चौकटीत बॅट हातात घेतलेला रूथ उजवा झाला असता. म्हणजे खोट्या गेरिगला सावरताना खरा रूथ बिघडला असता. खरी माणसं पडद्यावर आणली की नकलेला मोकळीक उरत नाही.

रूथ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि अंग सुटलं होतं. पंधरा वर्षांपूर्वीचा स्वतः दिसण्यासाठी त्याने झपाट्याने वजन उतरवलं आणि त्यापायी चित्रीकरणाच्या आधी आजारी पडून रुग्णालयातही राहिला. आगगाडीतल्या जल्लोषाच्या दृश्यात तर त्याने खिडकीची काच फोडून हात कापून घेतला, असं सांगतात. पडद्यावर तो अवघडत नाही. नव्या गवती टोपीवर खूश असलेला रूथ आणि त्या टोपीचा चोरून लचका तोडणारे सहकारी, हे दृश्य पाहताना आपण चित्रपट पाहतोय हे काही क्षण विसरायला होतं.

पण खरी माणसं असली म्हणून खरी हकीगत असतेच असं नाही. रूथ आणि गेरिग यांच्यात मधली काही वर्षं बोलणंसुद्धा उरलं नव्हतं. निरोप समारंभाच्या दिवशी रूथने गेरिगच्या गळ्यात हात टाकला तो त्या अबोल्यानंतर. चित्रपटात या दुराव्याचा मागमूस नाही. रूथ स्वतः तिथे उभा असताना तो दाखवणार तरी कोण? आणखी एक गोष्ट. रुग्णालयातल्या मुलाला गेरिग दोन होम रनचं वचन देतो आणि पाळतो, हा चित्रपटातला सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग. त्याचं मूळ रूथच्या आयुष्यात आहे: १९२६च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामातल्या अंतिम सामन्यांच्या वेळी न्यू जर्सीतल्या एका आजारी मुलाला दिलेलं वचन आणि एकाच सामन्यात मारलेल्या तीन होम रन. चित्रपटात रूथ त्या खाटेशेजारी बसून एका होम रनचं कबूल करतो, आणि गोष्टीचा मोठा वाटा मित्राच्या पदरात पडतो. रूथने याला हरकत घेतली नाही. मला हे कुठल्याही संवादापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

डिकीचं प्रकरण वेगळं. तो तेव्हाही यँकीजसाठी खेळत होता. गेरिगचं बिनसलंय हे अगदी जवळून पाहणाऱ्यांपैकी तो एक. चित्रपटात कपडे बदलण्याच्या खोलीत एक खेळाडू गेरिगबद्दल वाईट बोलतो, तेव्हा डिकी त्याला एक ठोसा लगावतो. संवाद जेमतेम. डिकी नट नव्हता हे प्रत्येक हालचालीत कळतं, आणि त्यामुळेच तो ठोसा खरा वाटतो.

दंतकथा कुठून आली

गोष्ट नंतर कुणी रचलेली नाही, ती चित्रपटाच्या वर्षीचीच आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे क्रीडा स्तंभलेखक शर्ली पोविच यांनी १९४२मध्येच ती छापली. पोविच हलक्याफुलक्या वावड्या उठवणारे नव्हते, देशातल्या नावाजलेल्या क्रीडा लेखकांपैकी होते. अशा माणसाने लिहिलं म्हटल्यावर कुणाला शंका येणार? पुढे आणखी एक आधार मिळाला. चित्रपटाला अकरा ऑस्कर नामांकनं होती. कूपर आणि गेरिगच्या बायकोचं काम करणारी टेरेसा राइट अभिनयासाठी, शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपट, कथा, पटकथा, छायाचित्रण असं बरंच काही. त्यातलं एकच पारितोषिक हाती लागलं, आणि ते संकलनाचं होतं, डॅनियल मँडेलला. मग लोकांनी दोन्ही टोकं जोडली. संकलनाचं ऑस्कर मिळालं, म्हणजे संकलनात काहीतरी अफलातून केलेलं असणार.

पुस्तकांत, टीव्हीवर, सामन्यांच्या समालोचनात ही गोष्ट फिरत राहिली. तपासायला अवघड नव्हती. चित्रपट उपलब्ध होता, शर्टाची बटणं दिसत होती. तरी कुणी पाहिलं नाही. मीही नाही. मी ही गोष्ट चित्रपट पाहण्याआधी ऐकली होती, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना प्रत्येक दृश्यात मला उलटवलेली फिल्मच दिसली. दुसऱ्यांदा पाहताना फक्त कॅचरच्या मोजाकडे बघायचं ठरवलं आणि तेवढ्याने सगळं ढासळलं.

२०१३मध्ये कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममधले ज्येष्ठ अभिरक्षक टॉम शीबर यांनी चित्रपटाची दृश्यं बारकाईने तपासून निष्कर्ष मांडला: कूपर डाव्या हाताने फलंदाजी खरंच शिकला होता. पडद्यावर दिसते ती त्याचीच डावखुरी फलंदाजी आहे, फिल्म उलटवलेली नाही. अपवाद एका छोट्या तुकड्याचा. यँकीजमध्ये स्थिरावण्याआधी गेरिग हार्टफर्डच्या दुय्यम संघात खेळला, त्या दिवसांच्या दृश्यात कूपर चेंडू फेकताना दिसतो, तेवढी फिल्म उलटलेली आहे. बाकी जिथे लांबून फेकण्याची दृश्यं हवी होती तिथे कूपरच्या जागी बेब हर्मन उभा केला होता. हर्मन ब्रुकलिनचा जुना तडाखेबंद फलंदाज, गेरिगसारखाच डावखुरा.

म्हणजे दंतकथेच्या बुडाशी चिमूटभर सत्य होतं. फिल्म एकदा उलटली होती. काही सेकंदांची ती गोष्ट दोन तासांहून लांब चित्रपटाला चिकटली.

कूपरचं काय?

या प्रकरणात माझा जीव अडकतो तो इथे.

गॅरी कूपर तेव्हा चाळिशीचा होता. मोंटानातल्या हेलेनाचा. घोड्यावर बसणं त्याला सहज जमायचं, पण बेसबॉल तो कधी खेळलाच नव्हता. किशोरवयात मोटार अपघातात कमरेला मार बसला होता आणि त्याचा ताठरपणा आयुष्यभर राहिला. त्याला शिकवायला लेफ्टी ओ'डूलला बोलावलं. १९२९मध्ये .३९८च्या सरासरीने नॅशनल लीग गाजवलेला हा माणूस पुढे सान फ्रान्सिस्कोच्या संघाचा व्यवस्थापक झाला होता, आणि फलंदाजी शिकवणारा म्हणून त्याचा लौकिक होता. कूपरची फेक पाहून त्याने म्हटलं ते प्रसिद्धच आहे: तू चेंडू फेकतोस तो एखादी म्हातारी गरम बिस्किट टाकते तसा.

आता कल्पना करून पाहा. चाळिशीच्या माणसाला आयुष्यात न खेळलेला खेळ शिकायचा आहे, तोही उलट्या हाताने. उजव्या माणसाने डावखुरी फलंदाजी शिकायची म्हणजे नुसते हात बदलायचे नाहीत. कोणता पाय पुढे, वजन कोणत्या टाचेवर, चेंडूकडे कोणत्या खांद्यावरून पाहायचं, सगळं उलटं. आणि हे सगळं अशा प्रेक्षकांसमोर, ज्यांना खऱ्या गेरिगचा प्रत्येक फटका पाठ आहे. नुकतंच त्याला ‘सार्जंट यॉर्क’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं. हातचं राखून काम केलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं.

तो शिकला. उत्तम खेळाडू झाला नाही. पडद्यावरची त्याची फलंदाजी ज्याला बेसबॉल कळतो त्याला थोडी अडखळती वाटते, आणि तरुण गेरिगच्या दृश्यांत त्याचं वय लपत नाही. पण ती फलंदाजी त्याची स्वतःची आहे. फेक काही केल्या जमली नाही, तिथे हर्मन आला. इतका साधा हिशेब होता: जे मेहनतीने जमलं ते नटाने केलं, जे जमलं नाही ते दुसऱ्या खेळाडूने केलं, आणि एका जागी फिल्म उलटवून वेळ मारून नेली. कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही नाटकाच्या तालमीत अडचणी अशाच सुटतात.

सत्तर वर्षं आपण त्या युक्तीचं कौतुक करत राहिलो आणि त्या माणसाची मेहनत त्या कौतुकाखाली गाडली गेली. हे गेरिगच्याच चित्रपटाच्या बाबतीत व्हावं याची मला विशेष खंत वाटते. ज्या माणसाची सारी कीर्ती रोज उठून मैदानावर जाण्यातून आली, त्याच्या चित्रपटातलं रोजचं काम दिसेनासं झालं.

खरी उलटापालट

चित्रपटात एक गोष्ट मात्र खरोखरच उलटवली आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे ४ जुलै १९३९चं भाषण.

गेरिगला त्या दिवशी बोलायचंच नव्हतं. भेटवस्तू देऊन झाल्या, सूत्रसंचालक सिड मर्सरने लोकांना सांगितलंही की लूला बोलवत नाही. लोक ‘लू, लू’ करत राहिले. व्यवस्थापक जो मॅकार्थीने त्याला पुढे केलं. कागद हातात नव्हता. त्याने सुरुवातच अशी केली की गेले दोन आठवडे तुम्ही माझ्या वाट्याला आलेल्या दुर्दैवाबद्दल वाचताय, तरी आज मी स्वतःला या पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस समजतो. ते प्रसिद्ध वाक्य हे असं अगदी सुरुवातीला आलं. मग एकेकाचे आभार: जुने सहकारी, व्यवस्थापक, प्रतिस्पर्धी जायंट्स, मैदान राखणारे कामगार, आईवडील, बायको. स्वतःच्या लेकीशी भांडण झालं तर जावयाची बाजू घेणाऱ्या सासूचेसुद्धा. आणि शेवट असा की माझ्या वाट्याला वाईट आलं असेल, पण जगण्यासाठी माझ्यापाशी पुष्कळ काही आहे.

त्या भाषणाच्या चित्रणातली मोजकीच वाक्यं आज शिल्लक आहेत. चित्रपटासाठी ते नव्याने जुळवावं लागलं आणि जुळवताना क्रम बदलला. कूपरचा गेरिग डाव्या हाताला उभ्या असलेल्या १९२७च्या जुन्या खेळाडूंचा उल्लेख करतो, मग उजव्या हाताला उभ्या असलेल्या आजच्या संघाचा. वार्ताहर, आधीचा व्यवस्थापक मिलर हगिन्स आणि मॅकार्थी, आईवडील, बायको. सासू गळली, मैदान राखणारे गळले. आणि ‘सर्वांत भाग्यवान माणूस’ हे वाक्य पार शेवटी गेलं. ते म्हणून तो वळतो आणि खेळाडूंच्या बोगद्याकडे, अंधारात चालत जातो. मागे पंचाची हाक ऐकू येते, खेळ सुरू होतो.

कारण मला उघड दिसतं. १९३९मध्ये गेरिग जिवंत होता, त्याला ‘जगण्यासाठी पुष्कळ काही आहे’ म्हणता आलं. १९४२मध्ये थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तो दोन वर्षंही पुरती जगला नाही. ते वाक्य शेवटी ठेवलं असतं तर ऐकवलं नसतं. म्हणून सुरुवातीचं वाक्य शेवटी गेलं आणि शेवटचं निघून गेलं. चित्रपट म्हणून हे बरोबरच झालं. पण एक फरक पडला. खऱ्या भाषणात भाग्याची गोष्ट आधी सांगून मग त्याची कारणं येतात, आपल्याकडची साधी माणसं आभार मानताना बोलतात तशी. चित्रपटात कारणं साठत जातात आणि वाक्य कळसासारखं चढतं. गेरिग तसा चढवून बोलणारा माणूस नव्हता.

आज बहुतेकांच्या मनात भाषणाचा जो क्रम आहे तो चित्रपटाचा आहे. शर्टावरची अक्षरं उलटी होती का, याची इतकी वर्षं चर्चा झाली, आणि इकडे वाक्यांची अदलाबदल झाली ती कुणाला जाणवलीही नाही. रूथ, म्यूसल, केनिग आणि डिकी हे चौघेही त्या खऱ्या दिवशी मैदानावर हजर होते. त्यांनी खरं भाषण कानांनी ऐकलं होतं. त्यांनाही तीन वर्षांनी हा बदललेला क्रम ऐकावा लागला असेल, आणि तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बाकी फेरफार किरकोळ आहेत. गेरिग आणि एलिनॉरचं लग्न १९३३मधलं, चित्रपटात ते बरंच आधी उरकतं. मात्र न्यू रॉशेलच्या अर्धवट घरात, कामगारांच्या ठोकाठोकीत लागलेलं लग्न आणि मग पोलिसांच्या मोटारसायकलींच्या ताफ्यातून स्टेडियम गाठणं, हा पटकथाकाराचा वाटणारा प्रसंग खरा आहे. आजाराचं नाव चित्रपटात कुठेच घेतलेलं नाही. डॉक्टर आणि गेरिग बेसबॉलच्याच भाषेत बोलतात, तिसरा स्ट्राइक पडला का (तो पडला की फलंदाज बाद) एवढंच विचारणं होतं. मला ते नाव न घेणं लपवाछपवीचं वाटत नाही. त्या खोलीतली दोन माणसं बोलतील तसंच ते बोलणं आहे.

चित्रपट जुलै १९४२मध्ये लागला. अमेरिका सात महिन्यांपूर्वी युद्धात उतरली होती. सुरुवातीलाच लेखक डेमन रन्यनचा मजकूर पडद्यावर येतो आणि गेरिगचं धैर्य रणांगणावरच्या तरुणांशी जोडतो. १९४३च्या अखेरीस कूपर सैनिकांच्या करमणुकीसाठी दक्षिण पॅसिफिकच्या दौऱ्यावर गेला. तो गाणारा नव्हता, विनोद सांगणारा नव्हता. न्यू गिनीत पावसात बसलेल्या सैनिकांतून कुणीतरी ओरडलं, ते गेरिगचं भाषण म्हणून दाखव. कूपरला ते धड आठवत नव्हतं. त्याने थोडा वेळ मागितला, आठवेल तसं कागदावर उतरवून काढलं, आणि मग पुढे येऊन म्हटलं. त्यानंतर दौऱ्यात लोक पुन्हा पुन्हा तेच मागत राहिले.